शब्द ओळखीचे, अर्थ परका

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी 'काही तरी शैक्षणिक लिहून द्या' असा प्रेमळ आग्रह कार्यकारी मंडळाने केला, तेव्हा विषयाचा शोध करण्यास आम्हांस फार लांब जावे लागले नाही. गेली वीस-बावीस वर्षे आम्ही मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवीत आहोत. या काळात विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि क्वचित आमच्या सहकाऱ्यांनीही जो प्रश्न आम्हांस सर्वांत अधिक वेळा विचारला, तोच येथे चर्चेस घेत आहोत. प्रश्न असा: "गुरुजी, वाक्यातला प्रत्येक शब्द येतो, मग वाक्य का समजत नाही?"

हा प्रश्न केवळ परीक्षेतील चार गुणांचा नाही, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ परगावी एका खाजगी कचेरीत गुदामाचे हिशेब लिहीत असे. सुट्टीवर घरी आलेला असताना त्याला कचेरीचे इंग्रजी पत्र आले. त्याच्या 'सर्व्हिसेस' अमुक तारखेपासून 'डिस्पेन्स्ड विथ' करण्यात येत आहेत, असे त्यात होते. मुलगा दहावी उत्तीर्ण, हुशार. 'सर्व्हिस' म्हणजे नोकरी हे त्यास ठाऊक. 'डिस्पेन्सरी' म्हणजे औषधे देण्याची जागा, तेव्हा 'डिस्पेन्स' म्हणजे देणे, हेही ठाऊक. आपली सेवा आता दुसऱ्या एखाद्या खात्याकडे देण्यात येत आहे, म्हणजे बदली, कदाचित बढतीसुद्धा, असा त्याने अर्थ लावला. घरात आनंद झाला. अठरा दिवसांनी तो ते पत्र घेऊन आमच्याकडे आला, तो 'खाते कोणते ते लिहिलेले दिसत नाही' असे विचारावयास. 'डिस्पेन्स' म्हणजे देणे हे खरे. परंतु त्यापुढे 'विथ' लागले की अर्थ होतो 'त्यावाचून चालविणे'. त्याला नोकरीवरून दूर केले होते, आणि हिशेबाचे पैसे मागण्याची पंधरा दिवसांची मुदतही टळून गेली होती. पुढे पुष्कळ हेलपाटे घातल्यावर पैसे मिळाले. पण 'विथ' या चार अक्षरी शब्दाने त्या घराचे तीन आठवडे कसे गेले, हे आम्ही विसरलो नाही.

दुसऱ्याचे सांगितले, आता आमचेही सांगितले पाहिजे. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी शिकत असताना आम्ही एक पाठ घेतला. निरीक्षक प्राध्यापकांनी वहीत शेरा मारला, त्याचा शब्दशः अर्थ 'हा पाठ पुष्कळ काही इच्छिण्यासारखे मागे ठेवतो' असा होत होता. 'लीव्ह्ज मच टु बी डिझायर्ड.' आमचा पाठ संपला तरी मुलांना आणखी हवाहवासा वाटत राहिला, असा आम्ही अर्थ केला आणि ती वही घरी नेऊन मोठ्या अभिमानाने वडिलांस दाखविली. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी 'माशाअल्ला' म्हणून पाठीवर हात ठेवला. चार दिवसांनी एका सहाध्यायाने सांगितले की त्या शेऱ्याचा अर्थ 'पाठात पुष्कळ उणिवा आहेत' असा आहे. वडिलांना ते सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आज वर्गात एखादा मुलगा असाच फसला आणि बाकीचे हसू लागले, की ती वही आम्हांस आठवते, आणि आम्ही हसणाऱ्यांना गप्प करतो.

वाक्प्रचार म्हणजे काय?

इंग्रजीत ज्यास 'इडियम' म्हणतात तो शब्द मूळ ग्रीक. 'स्वतःचा, खास आपला' या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला आहे. प्रत्येक भाषेच्या काही खास आपल्या रीती असतात, त्यांचे नाव इडियम. मराठीत त्यास वाक्प्रचार किंवा वाक्संप्रदाय म्हणतात. त्याचे लक्षण असे की, शब्दांच्या अर्थांची बेरीज केली तरी संपूर्ण वाक्प्रचाराचा अर्थ हाती येत नाही.

हे इंग्रजीचेच वैगुण्य आहे, असे समजणे मात्र चुकीचे. आपण स्वतः काय बोलतो ते क्षणभर परक्या कानाने ऐकावे. भूक लागली की आपल्या पोटात कावळे ओरडतात. चोर शिपायाच्या हातावर तुरी देतो, पण तेथे तुरीचा दाणाही नसतो. त्रास झाला की नाकी नऊ येतात. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो आणि जातो. दुकानदार रात्री दुकान 'वाढवितो', म्हणजे बंद करतो. आमच्या घरच्या दखनी बोलीत, तसेच उर्दूतही, जेवण आटोपल्यावर 'दस्तरखान बढाओ' म्हणतात, म्हणजे ते उचला. आणि 'चिराग बढाना' म्हणजे दिवा मालविणे. बंद करणे, विझविणे हे शब्द घरात अशुभ वाटतात, म्हणून दोन्ही भाषांनी उलटा शब्द पत्करला. हे आपल्याला कोणी शिकविले नाही. आईच्या मांडीवर बसून आपण ते ऐकले. इंग्रजी मात्र आपण फळ्यावरून शिकतो, म्हणून तेथे ठेच लागते. ठेच लागणे हा बुद्धीचा दोष नव्हे.

आपल्या या सीमाभागात तर घरी एक, गल्लीत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांना हा धडा लवकर मिळतो. उर्दूत 'पानी पानी होना' म्हणजे लाजेने चूर होणे. मराठीत 'पाणी पाणी करणे' म्हणजे तहानेने व्याकूळ होणे. शब्द तोच, अर्थ निराळा. ज्या मुलाला हे कळले, त्याला इंग्रजी वाक्प्रचाराचे मर्म अर्धे कळले असे समजावे.

वाक्प्रचारामागे देश असतो

वाक्प्रचार त्या त्या लोकांच्या राहणीतून निघतात. इंग्लंड बेटावर वसलेले. तेथील लोक शतकानुशतके दर्यावर्दी. म्हणून गोंधळलेला माणूस त्यांच्या भाषेत 'ऑल अॅट सी', म्हणजे भरसमुद्रात असतो; नवा मनुष्य काम शिकतो तेव्हा तो 'रोप्स', म्हणजे जहाजाचे दोर शिकतो; सारख्याच संकटातील माणसे 'एकाच नावेत' असतात. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत पाहता. हे शब्द पाहून कोणासही अर्थ लागणार नाही. कारण 'बाय' आणि 'लार्ज' हे दोन्ही शिडाच्या जहाजावरील शब्द आहेत. वाऱ्याच्या दिशेला शक्य तितके धरून जाणे ते 'बाय', आणि वारा मागून घेऊन जाणे ते 'लार्ज'. दोन्ही तऱ्हांनी चांगले चालणारे जहाज सर्व बाजूंनी चांगले, यावरून 'एकंदरीत' हा अर्थ आला. आपला देश शेतकऱ्याचा. म्हणून आपण माणसांची मोट बांधतो, संसाराचे जू मानेवर घेतो. इंग्रज म्हणतो, घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावले. आपण म्हणतो, बैल गेला नि झोपा केला. जनावर बदलले, शहाणपण तेच.

हवामानही भाषेत उतरते. थंड देशात ऊब ही सुखाची, म्हणून इंग्रजीत 'वॉर्म वेलकम' म्हणजे मनापासून केलेले स्वागत, आणि 'कोल्ड शोल्डर' देणे म्हणजे तुटकपणे वागून झिडकारणे. उन्हाच्या देशात गारवा सुखाचा. आपल्याकडे लेकरास पाहून डोळे निवतात, जीव गार होतो. अरबी भाषेत लाडक्या अपत्यास 'कुर्रतुल ऐन' म्हणतात. त्याचा अर्थ डोळ्यांचा गारवा असाच आहे. मायेची ऊब आपणही म्हणतो, हे खरे; परंतु 'त्याने माझे गरम स्वागत केले' असे मराठीत लिहिले, तर वाचणारास भलतीच शंका येईल. पक्ष्यांचेही तसेच. इंग्रजीत घुबड शहाणे समजले जाते. आपल्याकडे ते अशुभ, आणि उर्दूत 'उल्लू' म्हणजे मूर्ख. इंग्रजी पुस्तकात एखाद्या पंडितास घुबडाची उपमा दिलेली आढळली, तर ती स्तुती समजावी.

काही वाक्प्रचारांमागे इतिहास असतो. 'वॉटर्लू गाठणे' म्हणजे अखेरचा पराभव होणे. नेपोलियनचा असा पराभव १८१५ साली वॉटर्लू येथे झाला. आपण १७६१ सालच्या लढाईवरून 'पानिपत झाले' म्हणतो, तसेच हे. 'रुबिकॉन ओलांडणे' म्हणजे माघारीची वाट न उरणारे पाऊल टाकणे. ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ४९ मध्ये सैन्यासह ती नदी ओलांडली आणि यादवी युद्ध सुरू झाले. 'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे नावापुरती निवड. केंब्रिज येथे टॉमस हॉब्सन नावाचा घोडे भाड्याने देणारा गृहस्थ होता. तो १६३१ साली वारला. त्याच्या तबेल्यात घोडे पुष्कळ, पण गिऱ्हाइकाने दाराजवळचाच घोडा घ्यावयाचा, नाहीतर पायी जावयाचे, असा त्याचा नियम होता. 'हात धुणे' हा वाक्प्रचार बायबलातून आला. येशू ख्रिस्तास शिक्षा देताना रोमन सुभेदार पिलात याने लोकांपुढे हात धुऊन 'याची जबाबदारी माझ्यावर नाही' असे दर्शविले. म्हणून इंग्रजीत एखाद्या गोष्टीचे हात धुणे म्हणजे तिची जबाबदारी झटकणे. मराठीत 'हात धुऊन मागे लागणे' म्हणजे पिच्छा न सोडणे, अगदी उलट! अशा ठिकाणी ओळखीचे शब्दच मनुष्यास फसवितात.

इंग्रजांनी आपले शब्द कसे ऐकले, तेही येथे सांगण्यासारखे आहे. यूल आणि बर्नेल या दोघांनी रचलेला हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीचा मोठा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांनी त्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' केले, अशी त्या नावाची कथा आहे. तेव्हा परक्या भाषेत ऐकण्याची चूक आपणच करतो असे नाही. राज्यकर्त्यांनीही ती केली, आणि त्यांच्या विद्वानांनी ती खिलाडूपणे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापली. आपल्या मुलांनी चुकण्याची इतकी लाज का बाळगावी?

लहान शब्दांची मोठी फसवणूक

बादलीला लाथ मारणे म्हणजे मरणे, कुत्री-मांजरे पडणे म्हणजे मुसळधार पाऊस, असले विचित्र वाक्प्रचार मुलांना लवकर पाठ होतात, कारण ते मजेदार असतात. खरी फसवणूक करतात ते लहान शब्द: अप, आउट, ऑफ, ऑन, इन, विथ. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. 'पुट आउट द लॅम्प' असे सांगितल्यावर दिवा बाहेर नेऊन ठेवणारा मुलगा आज्ञाधारकच म्हटला पाहिजे. 'लुक' म्हणजे पाहणे. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक इंटू' म्हणजे चौकशी करणे, आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे.

हे शिकवताना आम्ही मुलांना मराठीच्या आरशात पाहावयास सांगतो. मराठीत जे काम लहान शब्द करीत नाहीत, ते दुसरे क्रियापद करते. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यांत फरक आहे. टाकले मात्र काहीच नाही. 'तो बोलून बसला' म्हणताना तो कदाचित उभाच होता. बोलू नये ते बोलला, एवढाच अर्थ. 'निघून गेला', 'करून ठेवले', 'पाहून घेईन' यांतही तसेच. इंग्रजी 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे. 'यूज' म्हणजे वापरणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणे. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाकणे. येथे 'अप' म्हणजे वर नव्हे, तर आपल्या 'टाकणे'सारखा पुरेपणा. ही एक किल्ली हाती आली की पुष्कळ कुलपे उघडतात. सगळी उघडत नाहीत. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, तेथे शब्द जोडीनेच लक्षात ठेवला पाहिजे. परंतु जोडी ही एकच वस्तू आहे, तिचे तुकडे करावयाचे नाहीत, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

सभ्यतेचे पडदे

तिसरा प्रकार याहून नाजूक. इंग्रज मनुष्य 'नॉट बॅड' म्हणाला तर 'वाईट नाही' एवढेच समजू नये. पुष्कळदा ती चांगली शाबासकी असते. 'आय अॅम अफ्रेड' असे म्हणून तो भीती व्यक्त करीत नाही. पुढे नकार येत आहे, याची ती सौम्य सूचना असते. 'एकदा जेवावयास या' असे तो दिवस न ठरविता म्हणाला तर तो शिष्टाचार होय. मुलाखतीच्या शेवटी 'वुई विल लेट यू नो' म्हणजे 'आम्ही कळवू' असे सांगतात. ते खरेही असू शकते, पण बहुधा तो नकाराचा मऊ प्रकार असतो. आमचा एक माजी विद्यार्थी या तीन-चार शब्दांच्या भरवशावर दोन महिने टपालाची वाट पाहत राहिला आणि दुसरीकडे अर्जच केला नाही.

आपल्याकडे हे नाही काय? वर्गणी मागावयास गेल्यावर यजमान 'बघू' म्हणाले, तर काय समजावयाचे ते आपल्या कार्यकर्त्यांस चांगले ठाऊक आहे! आपल्या भाषेतील 'बघू' आपण चेहऱ्यावरून ओळखतो. परभाषेतील 'बघू' कोणते, ते शिकावे लागते.

एकाच भाषेत दोन देश

इंग्रजी ही आता एका देशाची भाषा राहिलेली नाही. सभेत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे इंग्लंडात तो चर्चेस मांडणे, आणि अमेरिकेत तो बाजूस ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन अधिकाऱ्यांत या एका शब्दावरून लांबलचक वाद झाला आणि शेवटी दोघांनाही एकच गोष्ट हवी होती असे आढळले, ही हकीकत स्वतः चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात दिली आहे. ज्यांची ती मातृभाषा, तेही असे फसतात.

आपल्या देशानेही आपले इंग्रजी घडविले आहे. 'शुभनाव काय?' याचे 'गुड नेम' झाले. परगावी गेलेला मनुष्य 'आउट ऑफ स्टेशन' असतो. 'डू द नीडफुल', म्हणजे योग्य ते करावे, हा एके काळी विलायतेत रूढ असलेला प्रयोग. तेथे तो जुना झाला, आपल्या कचेऱ्यांत जिवंत आहे. पुढे ढकलण्याच्या उलट 'अलीकडे घेणे' यासाठी आपण केलेला 'प्रीपोन' हा शब्द तर इंग्रजी कोशांनीही भारतीय शब्द म्हणून नोंदविला आहे. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र कोणापुढे काय बोलतो याचे भान ठेवावे. 'मी मार्चमध्ये पास आउट झालो' हे येथे परीक्षेविषयी समजतात. बाहेरच्या देशात ऐकणारास वाटेल, हा मार्चमध्ये बेशुद्ध पडला होता.

उलट दिशेनेही देवघेव झाली. 'पेल्यातील वादळ', 'हिमनगाचे टोक', 'प्रकाश टाकणे' हे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. हे मूळ इंग्रजी वाक्प्रचार मराठी वेष घेऊन आले आणि घरचे झाले. भाषांचे दरवाजे बंद नसतात. पण पाहुणा कोणत्या दारातून आला, हे यजमानास ठाऊक असावे.

मग शिकणाराने काय करावे?

आमच्या अनुभवातून आलेल्या काही सूचना देतो.

पहिली: वाक्याचा शब्दशः अर्थ विसंगत, हास्यास्पद किंवा अपेक्षेपेक्षा फारच गोड वाटला, तर थांबावे. तेथे बहुधा वाक्प्रचार दडलेला असतो. कचेरीच्या पत्रात तर अर्थ पुरता जुळल्याखेरीज आनंदही करू नये आणि दुःखही करू नये.

दुसरी: सुटा शब्द शोधू नये, जोडी शोधावी. 'डिस्पेन्स' पाहून थांबू नये; त्याच नोंदीत खाली 'डिस्पेन्स विथ' असते. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेले इंग्रजी कोश असतात, ते वापरावेत. अशा कोशाचा पाया ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने जपानात इंग्रजी शिकवताना घातला. त्यांचा व त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली टोकिओत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. परभाषिक विद्यार्थी कोठे अडखळतो हे त्या वर्गशिक्षकांनी जवळून पाहिले होते; म्हणूनच त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही आपल्या उपयोगी पडतात.

तिसरी: वाक्प्रचाराची मोडतोड करू नये. इंग्रजीत 'कॅट्स अँड डॉग्ज' पडतात, 'डॉग्ज अँड कॅट्स' नव्हे. आपणही कावळ्यांच्या जागी चिमण्या पोटात घालीत नाही.

चौथी: जागा ओळखावी. वाक्प्रचाराचा अर्थ कळणे निराळे आणि तो कोठे शोभतो हे कळणे निराळे. एका मुलाने नवा शब्द शिकल्याच्या उत्साहात रजेच्या अर्जात आजोबांनी 'बादलीला लाथ मारली' असे इंग्रजीत लिहिले. मराठीत कोणी 'आजोबा गचकले, सबब रजा मिळावी' असे लिहील काय? आपण 'देवाज्ञा झाली' म्हणतो, आमच्या घरी 'अल्लाला प्यारे झाले' म्हणतात. तसा आदराचा शब्द इंग्रजीतही आहे: 'पास्ड अवे'. शंका असेल तेव्हा साधे वाक्य लिहावे. साध्या वाक्याने कोणाचे कधी नुकसान झालेले नाही.

पाचवी: याद्या पाठ करू नयेत. शंभर वाक्प्रचारांची यादी घोकणारा मुलगा पंधरा दिवसांत नव्वद विसरतो. वाचताना भेटलेला एक वाक्प्रचार त्याच्या पूर्ण वाक्यासह वहीत उतरावा, शेजारी त्याच अर्थाचा मराठी वाक्प्रचार लिहावा, आणि आठवड्यात एकदा स्वतःच्या वाक्यात वापरून पाहावा. 'नाचता येईना अंगण वाकडे' याच्याशेजारी 'वाईट कारागीर हत्यारांना दोष देतो' ही इंग्रजी म्हण लिहिली की दोन्ही पक्क्या होतात. मराठी वाक्प्रचारांसाठी दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आहे. घरातील आजी तर त्याहून जवळ आहे. ज्याची मराठी समृद्ध, त्याचे इंग्रजी लवकर सुधारते, हा आमचा अनुभव आहे.

सहावी: हल्ली मोबाइलवर क्षणात भाषांतर होते. त्याचा उपयोग जरूर करावा; प्रसिद्ध वाक्प्रचार ते यंत्र बहुधा ओळखते. पण त्याला आपली परिस्थिती ठाऊक नसते, आणि मागचापुढचा संबंध न देता एकच ओळ दिली तर ते चुकूही शकते. म्हणून नोकरी, कोर्ट, कर्ज, विमा आणि दवाखाना या पाच बाबतींतील कागद जाणत्या माणसास दाखविल्याशिवाय सही करू नये, आणि उत्तरही धाडू नये.

शेवटची विनंती

आपल्या संस्थेने आजवर अनेक मुलांच्या फिया भरल्या, पुस्तके दिली. त्या मुलांच्या घरी आज ना उद्या इंग्रजी पत्र येणारच. ते पत्र घेऊन कोणाकडे जावे, हा प्रश्न त्यांना पडू नये. संस्थेच्या जागेत शिकणाऱ्यांसाठी केलेला एक चांगला इंग्रजी कोश टेबलावर कायम उघडा असावा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्यातील कोणी जाणता गृहस्थ किंवा भगिनी तेथे बसून लोकांची पत्रे वाचून अर्थ सांगावा, अशी आमची नम्र सूचना आहे. यास फार खर्च नाही. पहिली पाळी आम्ही घेण्यास तयार आहोत.

आणि एक विनंती घरोघरच्या वडीलधाऱ्यांस. मुलाने इंग्रजीचा चुकीचा अर्थ लावला, तर त्यास हसू नये. हसण्याने मूल बोलणे बंद करते. बोलणे बंद झाले की विचारणे बंद होते. आणि ज्याने विचारले नाही, त्याच्या हाती एके दिवशी 'डिस्पेन्स्ड विथ'चे पत्र येते. तो तरुण आज दुसऱ्या ठिकाणी नोकरीस आहे, आणि सुखी आहे. आता कचेरीतून कोणतेही पत्र आले की तो आधी आमच्याकडे येतो. परवा आला तेव्हा पगारवाढीचे पत्र होते. अर्थ त्याने बरोबर लावला होता. तरीही, 'गुरुजी, एकदा बघा' म्हणाला. आम्ही पाहिले, आणि या वेळी मात्र साखर वाटण्यास हरकत नाही, असे सांगितले.